वाया गेलेली मतं

इंदुरात हल्ली कचरासुद्धा वाया जात नाही. सकाळी गाणं वाजवत गाडी येते, ओलं वेगळं, सुकं वेगळं नेते आणि देवगुराडियाच्या प्लांटमध्ये ओल्याचा गॅस होतो. रोज ५५० टन पचवायची त्याची ताकद. केळ्याच्या सालीचं असं सोनं होत असताना रामबागेतले आमचे काका मात्र दर निवडणुकीला बजावतात, "छोट्या पक्षाला मत म्हणजे मत वाया!"

काकांचं तरी काय चुकलं? १९८९ पासून सलग आठ वेळा भाजपच्या सुमित्राताई महाजन लोकसभेवर निवडून आल्या आणि काकांचं मत आठही वेळा कामी आलं. इतक्या वर्षांच्या सवयीपुढे वाद कोण घालणार!

मला मात्र ब्रिटनच्या कॅरोलाइन लुकस या बाईंचं भारी कौतुक. पक्ष ग्रीन, म्हणजे पर्यावरणवाल्यांचा. १९९३ मध्ये ऑक्सफर्डशायरच्या काउंटी कौन्सिलवर आल्या, १९९९ मध्ये थेट युरोपियन संसदेत. ही उडी साधली त्याचं कारण त्याच वर्षी तिथे मतांच्या प्रमाणात जागा द्यायची पद्धत आली. वेस्टमिन्स्टरला, म्हणजे ब्रिटनच्या स्वतःच्या संसदेला, ती सोय नाही. आपल्यासारखंच, पहिला आला तो जिंकला. तरीही २०१० मध्ये ब्रायटन पॅव्हिलियनमधून त्या १,२५२ मतांनी निवडून आल्या. साडेसहाशे खासदारांत ग्रीन पक्षाच्या एकट्या.

एकटं असणं म्हणजे काय, हे मोठ्या पक्षातल्यांना कळणार नाही. हवामान, रेल्वे, शाळा, कर, सगळ्यांवर बोलायला माणूस एकच. पण कुठे बसा, कधी हात वर करा, हे सांगणारंही कुणी नाही! वर्तमानपत्रातल्या उघड्या बायकांच्या फोटोंविरुद्ध घोषणा छापलेला टीशर्ट घालून त्या चर्चेला उभ्या राहिल्या, तर अध्यक्षांनी वरून जॅकेट चढवायला लावलं. बाईंनी जॅकेट चढवलं, आणि तसले फोटो छापणारा पेपर याच इमारतीत विकायला ठेवलाय, हेही सुनावलं. २०१३ मध्ये बाल्कमला जमिनीखालचे खडक फोडून तेल-वायू शोधण्याच्या विरोधात रस्त्यावर बसल्या, अटक झाली, पुढच्या वर्षी कोर्टातून निर्दोष सुटल्या. खासदार असून! आपल्याकडेही अटका होतात म्हणा, पण त्यानंतर हारतुरे आणि बॅनर असतात.

२०१५ मध्ये त्यांच्या पक्षाला देशभर अकरा लाखांवर मतं पडली. जागा किती? तीच एक. काकांना हा आकडा कळला तर त्यांना विजयोत्सवच साजरा करता येईल, म्हणून मी तो लपवून ठेवला होता. पण मग २०२४ आलं. काँग्रेसच्या उमेदवारानं ऐन वेळी अर्ज मागे घेतला आणि आपल्याच शहरात २,१८,६७४ मतं 'नोटा'ला गेली. दुसरा नंबर! म्हणजे कुणीच नको हे सांगायला दोन लाखांवर लोक उन्हात रांगेत उभे राहिले. ती मतं वाया म्हणायची की काय, यावर काका अजून विचार करतायत.

त्याच वर्षी लुकसबाईंनी निवडणूक लढवली नाही. १,२५२ चं मताधिक्य २०१९ पर्यंत वीस हजारांच्या घरात नेलं होतं, तेवढ्यावर थांबल्या. ब्रायटनची जागा ग्रीन पक्षानंच राखली, शिवाय आणखी तीन जिंकल्या. मी काकांना फोन करून सांगितलं, एकाचे चार झाले.

"चौदा वर्षांत तीन वाढले," काका म्हणाले. "बहुमताला किती लागतात तिथे?"