टाकीतली तपकिरी बटणं

मंगळवार, रात्री

घरातल्या समुद्री जिवांच्या काचेच्या टाकीत, डाव्या कोपऱ्यातल्या दगडावर आता सात आहेत. गेल्या आठवड्यात पाच होती. तपकिरी, शर्टाच्या बटणाएवढी, दिवा लागला की उमलतात. मी ही आणलेली नाहीत. दिवाळीत मुंबईहून मऊ प्रवाळाचा तुकडा मागवला होता, त्याला चिकटून आलेली पीडा असणार. दुकानदाराला मनातल्या मनात भरपूर शिव्या घालून झाल्या.

पहिला संशय ॲप्टेशियाचा, म्हणजे टाकीत माजणाऱ्या उपद्रवी समुद्रफुलाचा. तो एकदा शिरला की मिटलं. खरवडायला जावं तर उरलेल्या कणांतून पुन्हा उगवतो. पण तो उंच, काचेसारखा, लांब टोकदार शुंडकांचा (तोंडाभोवतीच्या सोंडा). हे बुटकं नि जाड आहे. काडी लावली की पुरचुंडी बांधल्यासारखं मिटतं.

बुधवार

झोप नीट लागली नाही. हे कठीण प्रवाळ निघालं तर? १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत कठीण प्रवाळ २००१ पासून आहेत, म्हणजे वाघाच्या पंगतीत. नाव लागल्याशिवाय हे घरात ठेवता येतं का, हेही कळणार नाही. मिटलेल्या एकाला काडीने हलकेच दाबून पाहिलं. तळापर्यंत मऊ. चुन्याची वाटी नाही, पाकळ्यांसारखे पडदे नाहीत. हुश्श.

गुरुवार, पहाटे

बाबांचं पोथी वाचायचं भिंग काचेला लावून बसले. मऊ प्रवाळाच्या पॉलिपला, म्हणजे त्यातल्या एकेका चिमुकल्या जिवाला, शुंडकं आठच, तीही पिसासारखी. इथे साधी, कडेला दोन रांगांत, चाळिसाच्या आसपास (दोनदा मोजणी चुकली). मध्ये तोंडाची फट. म्हणजे झोअँथिड, समुद्रफुलांचे बुटके नातलग. आता त्यांतल्या दोन कुळांपैकी झोअँथस की पॅलिथोआ? पॅलिथोआला सांगाडा नसतो, म्हणून तो वाळूचे कण अंगातच चिणून घेतो, गिलाव्यात रेती घालावी तसे. देठावर भिंग नेलं. कण दिसले.

काळे.

माझ्या टाकीत तळाला पांढरी वाळू आहे. मुंबईच्या तुकड्याचा दगडही पांढरा. काळी वाळू आमच्या इथली, रत्नागिरीजवळच्या काळबादेवीला पुळणीवर पसरलेली असते तीच, इल्मेनाइट या काळ्या खनिजाची. मग आठवलं. ऑक्टोबरात कालवांच्या शिंपा छान दिसतात म्हणून खडपावरून, म्हणजे किनाऱ्याच्या खडकांवरून, एक दगड उचलून आणला होता. त्यावर तेव्हा तपकिरी डाग होते, मी शेवाळ समजले. दुकानदाराच्या शिव्या परत घेतल्या.

मात्र घाम फुटला तो नंतर. पॅलिथोआच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन असतं. हवाईतल्या पॅलिथोआतून १९७१ मध्ये ते वेगळं काढलं, अतिजहाल विषांत त्याची गणना होते. असे दगड उकळताना वाफ नाकात जाऊन लोक इस्पितळात पोचलेत. आणि मी मंगळवारी दगड उकळायला जुनं पातेलं माळ्यावरून काढून ठेवलं होतं! बोटाला विळीचा काप असताना उघड्या हातांनी त्याच टाकीत हात घालत होते. माझ्याकडच्यात विष आहे की नाही हे बघून कळत नाही, त्यामुळे आहे असं धरूनच चालायचं. पातेलं परत माळ्यावर. हातमोजे आणले, चष्मा बाबांचाच.

दगड समुद्रात परत सोडायचा मोह झाला. पण दोन महिने तो मुंबईहून आलेल्या जिवांच्या पाण्यात राहिलाय, त्याच्याबरोबर काय काय खडपावर जाईल कोण जाणे. दगड टाकीतच, पण एकटा, बाकीच्यांपासून वीतभर लांब.

रविवार, अमावास्या

पहाटेच्या ओहोटीला शेजारच्या काकींबरोबर खडपावर गेले. त्या कोयतीने कालवं फोडत होत्या. मी बॅटरी मारत खळग्यांतून बघत होते, आणि पाणी ओसरलेल्या कडेला तीच बटणं, सात नाही, चटईभर. सगळी मिटलेली, वर वाळू.

“काकी, हे बघितलंत?”

त्यांनी मान वर केली. “ह्या होय? अगो, ह्याच्यावरूनच तर पाय सटकतो. बाजूला हो.”

मी बाजूला झाले. पायात चपला होत्या, तरी घरी येऊन दोनदा धुतले.