समोरासमोर

ब्रिटिश म्युझियममध्ये उत्तर अमेरिकेच्या दालनात एक दगडी पाणमांजर आहे. तोंडात मासा, आकार मुठीत मावेल एवढाच. शोभेची वस्तू समजून मी पुढे निघालेच होते, तेवढ्यात त्याच्या पाठीतला खळगा दिसला. अरे, ही तर चिलीम!

आमच्या आजोबांची चिलीम कुंभाराकडची, साधी मातीची. आत खडा, खाली ओलं फडकं. झुरका घेताना ते डोळे मिटून घेत, त्यामुळे चिलमीकडे बघायचं असतं हे मला माहीतच नव्हतं. हिची तर घडणच बघण्यासाठी केलेली. खाली किंचित वाकलेली दगडी पट्टी, तिच्यातून धुरासाठी बारीक भोक. पट्टीवर मधोमध प्राणी, त्याच्या पाठीत तंबाखू आणि तोंड ओढणाऱ्याकडे. पट्टीचं टोक ओठांना लावलं की ते मासा धरलेलं पाणमांजर वीतभर अंतरावरून थेट तुमच्याकडे बघणार. शेजारी बसलेल्याला त्याची फक्त कूस दिसणार.

ही कारागिरी अमेरिकेतल्या ओहायोची, जवळजवळ 2000 वर्षांपूर्वीची. तिथल्या चिलिकॉथी गावाजवळ (नाव खरंच असं आहे, चिलमीशी काही संबंध नाही!) त्या काळच्या माणसांनी रचलेले मातीचे मोठमोठे उंचवटे आहेत. 1840च्या दशकात स्क्वायर आणि डेव्हिस या दोघांनी ते खणले, तेव्हा एकाच उंचवट्यात सुमारे 200 चिलमी निघाल्या. बऱ्याचशा आगीत तडकलेल्या, तुकडे झालेल्या. डेव्हिसने ते तुकडे जुळवले. पुढे हा सगळा संग्रह विकला गेला आणि इंग्लंडला पोचला. पहिल्या महायुद्धात त्या उंचवट्यांवर लष्करी छावणी उभी राहिली, बरेचसे सपाट झाले. नंतर पुन्हा उभारले. 2023मध्ये ती जागा जागतिक वारसा ठरली.

तंबाखूसुद्धा मूळची अमेरिकेचीच. पोर्तुगीजांबरोबर ती दख्खनमध्ये आली आणि विजापुराहून अकबराचा वकील असद बेग याने ती अकबराच्या दरबारात नेली. आजोबांना हे सांगितलं असतं तर म्हणाले असते, ‘बरं, आता काडेपेटी दे.’

मी मान वाकडी करून पट्टीच्या टोकाशी, म्हणजे ओढणाऱ्याच्या जागी गेले. मागे एक शाळकरी मुलगा ताटकळत होता. त्याला जागा दिली. तो गुडघ्यांवर बसला, पाणमांजराच्या डोळ्यांत डोळे घातले आणि गाल फुगवून त्याला वेडावून दाखवलं.