धाकट्या भावाला दोन डच्या दिल्या, त्याची गोष्ट (आयर्लंड, भाग 3)

क्रुसेडर किंग्ज 3, म्हणजे मध्ययुगीन राजघराणं चालवायचा कॉम्प्युटर गेम, सुरुवात 1066, मन्स्टरचा राजा मुर्खाद. नावावर जाऊ नका, माणूस हुशार होता. मागच्या भागात त्यानं आयर्लंडचं राज्य उभं केलं आणि तिथंच मी थांबलो होतो. आता तो गेलाय, थोरला गादीवर आहे (आता मी त्याच्याकडून खेळतोय), आणि घरात भाऊबंदकी पेटलीय.

कॉन्फेडरेट पार्टिशन या वारसापद्धतीत राजानं डोळे मिटले की वाटणी जागच्या जागी होते, तलाठ्याकडं हेलपाटे नाहीत. थोरल्याला राज्य आणि मन्स्टर, मधल्याला लिन्स्टर, धाकट्याला कॉनाक्ट, अशी एकेक डची (राज्याखालचा प्रांत). इथंवर ठीक होतं. पण धाकटा रुसलेला दिसला म्हणून नवीन जिंकलेली मीथची डची मी त्यालाच देऊन टाकली. त्याच्या माझ्याबद्दलच्या मताचा आकडा लाल होता तो हिरवा झाला, मी खूश. वर पॉवरफुल व्हॅसलला (बड्या मांडलिकाला) कौन्सिलात जागा लागते म्हणून त्यालाच स्टुअर्ड, म्हणजे खजिन्याचा कारभारी केला, त्या कामातलं कौशल्य, स्टुअर्डशिप, अवघी 6. कारखान्याच्या संचालक मंडळावर पाहुणा घेतात तसं.

दोन डच्या एकाकडं म्हणजे सैन्यही एकाकडं, हे डोक्यातच आलं नाही. मधल्याला गादीवर बसवायचं म्हणून धाकट्यानं फॅक्शन (माझ्याविरुद्धचा गट) काढली. आधी तिची ताकद माझ्या निम्म्यालाही नव्हती, मीथनंतर 80 टक्क्यांच्या वर. तिथून असंतोषाचा काटा दर महिन्याला चढत राहतो. रविवारी रात्री मोबाईलवर पंचगंगेची पातळी बघत होतो, गेम पॉज करायला विसरलो, आणि मान वर केली तर स्क्रीनवर निर्वाणीचा खलिता. नाकारला. लढाई झाली, थोडक्यात निभावलं.

खरी मजा त्यानंतर. बंडखोर कैदेत असला की त्याची एक पदवी जुलमाचा शिक्का न बसता काढून घेता येते. मीथ काढली. पदवी स्वतःकडं ठेवली, कारण दोन डच्यांपर्यंत व्हॅसल कुरकुरत नाहीत. हातातल्या जादा काउंट्या (डचीतले छोटे परगणे) मात्र तीन वेगवेगळ्या दरबाऱ्यांना वाटल्या. घराणं नाही, क्लेम (गादीवर हक्क) नाही, एकमेकांशी सोयरीक नाही. डोमेन लिमिट, म्हणजे स्वतःकडं ठेवायच्या काउंट्यांची मर्यादा, 5 आणि हातात 8 झाल्या होत्या, तेही निस्तरलं.

आपल्या कोल्हापूर गादीच्या रामचंद्रपंत अमात्यांनी 1715 च्या आज्ञापत्रात वतनदारांना राज्याचे दायाद म्हटलंय. दायाद, म्हणजे वाटा मागणारे भाऊबंद. गंमत म्हणजे पंतांना स्वतःला बावड्याची जहागीर होती. हे वाचूनही मी मीथ दिली, काय म्हणायचं!

सध्या नव्या स्टुअर्डची स्टुअर्डशिप 17 आहे, खालच्या घरातला, त्याला करवसुलीला लावलाय. टॅनिस्ट्री ही निवडणुकीची वारसापद्धत घ्यायचा मोह होतोय, पण मग वारस व्हॅसलांच्या मतांवर ठरणार, आणि तिथं धाकटा पुन्हा मतदार. मधला अजून कोठडीत आहे, खंडणी घेऊन सोडावा की तसाच ठेवावा ते ठरत नाही.

परवा राणीला जुळे मुलगे झाले.