इंटरव्ह्यूतला कम्युनिकेशनचा प्रश्न आणि माझं 8डी

मी क्वालिटीमध्ये आहे, चाकणला, ऑटो पार्ट्सच्या कंपनीत. मागच्या वर्षी जॉब बदलायचा ठरवला तेव्हा पीपॅप, एमएसए, कंट्रोल प्लॅन असं क्वालिटीचं सगळं टेक्निकल घासून तयार केलं होतं, पण जिथे जाईन तिथे टेक्निकल अर्ध्या तासात संपायचं आणि मग एचआर मॅडम हसून विचारणार, कामाच्या ठिकाणी कम्युनिकेशनमध्ये अडचण आली असा एखादा प्रसंग सांगा. आता प्रसंग काय, शॉप फ्लोअरवर रोज चार घडतात, पण त्यातला कुठला सांगायचा आणि आपली उणीदुणी न काढता कसा सांगायचा हे कोण शिकवतं.

एका मैत्रिणीने स्टार मेथड सांगितली. सिच्युएशन, टास्क, अ‍ॅक्शन, रिझल्ट. चांगली आहे, सगळे तीच सांगतात. पण मला ती पाठ करूनही बोलताना कृत्रिम वाटत होती, आणि तयारी करताना लक्षात आलं की अरे हे तर आपण कस्टमर कंप्लेंट आली की करतोच की, 8डी! तक्रार सोडवायचा टप्प्याटप्प्याचा फॉरमॅट, डी1, डी2 असे टप्पे, फोर्डने 80च्या दशकात आणलेला, आपण वैतागून भरतो तोच. डी3 म्हणजे ताबडतोब काय केलं, डी4 मूळ कारण, डी7 परत होऊ नये म्हणून काय बदललं. स्टारमध्ये हे शेवटचं सुटून जातं आणि पॅनेलला नेमकं तेच ऐकायचं असतं असं माझं मत आहे. आणि डी4 मध्ये "ऑपरेटरचा निष्काळजीपणा" लिहिलं की कस्टमर रिपोर्ट परत पाठवतो ना, तसंच इंटरव्ह्यूत "आमचे सुपरवायझर ऐकूनच घेत नाहीत" म्हटलं की संपलं. ते खरं असलं तरी.

मी जो प्रसंग सांगितला तो असा. ड्रॉइंगचं रिव्हिजन बदललं, एका होलचा टॉलरन्स (मापात चालणारा फरक) टाइट झाला, प्लॅनिंगने व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं आणि सगळ्यांनी धरून चाललं की कळलं. नाइट शिफ्टने जुन्याच रिव्हिजनने माल काढला. सकाळी डिस्पॅचच्या आधी सापडलं म्हणून बरं. लाइनचे सुपरवायझर माझ्या वडिलांच्या वयाचे, सगळ्यांसमोर म्हणाले, "मॅडम, आम्हाला कोणी सांगितलंच नाही, आणि तुमच्या जन्माआधीपासून आम्ही हे काम करतोय."

इथे पॅनेलमधल्या क्वालिटी हेडनी मला थांबवलं. म्हणाले, मग तुम्ही नेमकं काय बोललात? शब्द सांगा. मी इंग्लिशमध्ये गुळगुळीत काहीतरी सुरू केलं होतं ते सोडलं आणि विचारलं, सर, मराठीत सांगितलं तर चालेल का. चालेल म्हणाले. मग सांगितलं की तिथे लाइनवर मी फक्त एवढंच म्हटलं, "दादा, आधी माल बाजूला काढू, कोणाचं काय ते नंतर बघू." सगळा माल रेड टॅग लावून वेगळा केला, सॉर्टिंग लावलं. चहाच्या वेळेला त्यांना एकट्यांना गाठून विचारलं, "दादा, मेसेज आला तेव्हा तुम्ही कुठे होता?" तर उत्तर साधं होतं, शॉप फ्लोअरवर मोबाइल न्यायला बंदी, फोन लॉकरमध्ये! म्हणजे नाइट शिफ्टवाल्यांना तो मेसेज कळणार कधी, तर माल काढून झाल्यावर. मूळ कारण तिथे होतं, त्यांच्या स्वभावात नव्हतं. (स्वभाव तिखट आहे तो आहेच.)

मग काय बदललं ते सांगितलं. रिव्हिजन बदललं की जुनं ड्रॉइंग लाइनवरून उचलल्याशिवाय नवं लावायचं नाही, शिफ्ट बदलताना लाइनवरच उभं राहून हँडओव्हर, दोघांची सही. आणि आमच्याकडे बरेच ऑपरेटर बिहार, ओडिशाचे, त्यांना "समझ गये ना?" विचारलं की सगळे "हां मॅडम" म्हणतात, त्यामुळे आता विचारते, "आज क्या बदला, दिखाओ." गेज (माप तपासायचं साधन) हातात घेऊन दाखवलं म्हणजे कळलं. या वाक्यावर प्लांट हेडनी पहिल्यांदा वहीत काहीतरी लिहिलं.

कस्टमरचं नाव कुठेही घेतलं नाही हे मुद्दाम सांगते, नुसतं टू-व्हीलर कस्टमर म्हटलं. जुन्या कंपनीची माहिती इथे सांडणारी उद्या आमचीही सांडेल असं त्यांना वाटणारच.

पुढचा राउंड त्यांच्या जर्मनीतल्या टीमच्या माणसाबरोबर व्हिडिओवर. त्याने विचारलं, आमच्या टीमचं म्हणणं पटलं नाही तर काय कराल. मी म्हटलं, आधी फोटो आणि रीडिंग मेलवर पाठवेन, मग कॉल, आणि कॉलमध्ये ठरलं ते त्याच दिवशी लिहून परत पाठवेन. आणि कॉलची वेळ उन्हाळ्यात वेगळी, हिवाळ्यात वेगळी ठरवू, कारण तुमचे सकाळचे 9 म्हणजे आमचे साडेबारा, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तुमची घड्याळं एक तास मागे गेली की तेच दीड होतात, तेव्हा अर्धा प्लांट कँटीनमध्ये असतो. तो हसला, म्हणाला हे आम्हाला अजून कोणी सांगितलं नव्हतं.

शेवटी क्वालिटी हेड आणि प्लांट हेड, तुम्हाला काही विचारायचंय का म्हणाले तेव्हा मी विचारलं, तुमच्याकडे शिफ्ट हँडओव्हर कसा होतो? दोघांनी एकमेकांकडे बघितलं. क्वालिटी हेड म्हणाले, "रजिस्टर आहे, पण खरं सांगू का, तुम्ही आलात की तेच आधी बघायचंय." ऑफर लेटर आलं, नोटीस पिरियडवरून थोडी खेचाखेची झाली, ती वेगळीच कथा. आता जॉइन होऊन काही महिने झालेत आणि ते रजिस्टर माझ्याच टेबलवर असतं.