'रेड रिव्हर' नेमका कोणता?

दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्सचा 'रेड रिव्हर' (1948), म्हणजे टेक्सासहून गुरांचा कळप हाकत नेण्याच्या गोष्टीचा वेस्टर्न सिनेमा, माझ्या शेल्फवर कधीपासून पडून होता. पण तो नेमका कोणता 'रेड रिव्हर', हा छडा लावण्यात गेल्या हिवाळ्यातले बरेच शनिवार-रविवार गेले.

भानगड अशी की या सिनेमाच्या दोन आवृत्त्या आहेत. एक 133 मिनिटांची, दुसरी 127. लांबड्या आवृत्तीत मधले दुवे हस्तलिखिताची पानं दाखवून जोडलेत. आखूड आवृत्तीत पानं नाहीत, त्याऐवजी सिनेमातलाच एक नट वॉल्टर ब्रेनन आपल्या खरखरीत आवाजात गोष्ट सांगतो. शिवाय शेवटी जॉन वेन आणि माँटगोमेरी क्लिफ्ट या दोन नायकांची जुंपते तो प्रसंगही दोन्हींत सारखा नाही.

मी इंग्लंडात राहतो. इथल्या चॅरिटी शॉपमध्ये जुने वेस्टर्न चहाच्या कपापेक्षा स्वस्त मिळतात, माझी डीव्हीडीही तशीच आलेली. कव्हरवर 127 मिनिटं छापलेली. म्हणजे आखूड आवृत्ती, असं कुणीही म्हणेल. लावली तर पडद्यावर पानंच पानं! ब्रेनन आहे, पत्त्यांत आपली कवळी हरतोय, पण निवेदन म्हणाल तर एक अक्षर नाही.

कोडं सुटलं ते कागद-पेन घेतल्यावर. सिनेमा सेकंदाला 24 फ्रेमने चालतो. ब्रिटिश डीव्हीडी इथल्या टीव्हीच्या 'पाल' पद्धतीची, म्हणजे सेकंदाला 25. जादा फ्रेम आणायची कुठून? म्हणून अख्खा सिनेमाच चार टक्के जोरात पळवतात. 133 ला 24 ने गुणा, 25 ने भागा: 127.68. लांबडी आवृत्ती पळवली की बरोबर आखुडीच्या मापाची होते! दुसऱ्या कुठल्या सिनेमात असा योग जुळला असेल असं वाटत नाही. पळवल्यामुळे आवाजही किंचित चढतो. एकदा कानाला कळलं की मग वेनचा तो खर्ज पातळ वाटायला लागतो, आणि त्यावर काही इलाज नाही.

म्हणजे आखूड आवृत्ती मी पाहिलेलीच नव्हती. जुने सिनेमे निगुतीने डिस्कवर आणणाऱ्या क्रायटेरियन कंपनीच्या 2014 च्या अमेरिकन संचात दोन्ही आहेत, वर बोर्डेन चेसची मूळ कादंबरीही. भाचा न्यू जर्सीत असतो, त्याला फोन केला.

"मामा, हा सिनेमा तुझ्याकडे आहे ना?"

"आहे रे, पण तो लांबडा आहे."

"सहा मिनिटांसाठी?"

"तू पाठव तर."

संच आला आणि खरं काम सुरू झालं. कुठली डिस्क जगाच्या कुठल्या भागात चालेल, हे तिच्या 'रीजन'वर ठरतं. अमेरिकन डीव्हीडीचा रीजन 1, ब्लू-रेचा ए. आमच्याकडे 2 आणि बी. डीव्हीडीचं कुलूप पुष्कळ प्लेअरांवर रिमोटवरून एक कोड दाबला की निघतं. ब्लू-रेचं सहसा तसं निघत नाही. आत बदल करून विकलेला मल्टी-रीजन प्लेअरच घ्यावा लागतो. तो दुप्पट भावात घेतला. घरी किंमत सांगताना विषय बदलला.

मग टीव्ही. त्या काळातलं चित्र जवळजवळ चौकोनी, 1.37 ला 1. आमचा टीव्ही ते ताणून वेनला बुटका आणि गाईंना पाणघोडा करून टाकत होता. ताणणं बंद केलं, डावी-उजवीकडे काळ्या पट्ट्या आल्या, त्या असायलाच हव्यात. हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद केली. ती चालू असली की हॉक्सचा सिनेमा दुपारच्या मालिकेसारखा दिसतो. रंगछटा 'वॉर्म' केली, नाहीतर काळ्या-पांढऱ्यावर निळसर झाक येते. सगळ्यात महत्त्वाचं, नॉइज रिडक्शन शून्यावर. फिल्मचे ते बारीक कण म्हणजे खराबी नव्हे, चित्र त्यांचंच बनलेलं असतं. कण पुसले की छायालेखक रसेल हार्लनने टिपलेल्या ढगांचा आणि धुळीचा शाडू होतो. ओरखड्यांचं वेगळं. वेनच्याच 'स्टेजकोच'च्या (1939) उत्तम ब्लू-रेवरही ते दिसतात, कारण मूळ निगेटिव्हच हरवलेली आहे. तिथे टीव्हीशी झटापट करून उपयोग नाही.

एवढं झाल्यावर दोन्ही आवृत्त्या लागोपाठच्या रात्री पाहिल्या. हॉक्सची लाडकी कोणती यावर जाणकारांत वाद आहे. ब्रेनन जिथे हजर नव्हता तिथलंही सांगतो, हा आखुडीवरचा आक्षेप खराच. तरी मला तीच भावली. टेक्सासहून निघालेला कळप पानांपाशी अडतो, आवाजावर मात्र चालत राहतो. आणि पानं वाचायची म्हणजे दर वेळी चष्मा शोधा.

शेवट मात्र लांबडीचाच. क्लायमॅक्स आपल्या 'द आउटलॉ' सिनेमातून उचललाय अशी निर्माता हॉवर्ड ह्यूजेसने हरकत घेतली आणि आखूड आवृत्तीत तिथे कात्री लागली. दोन तास ज्याची वाट पाहिली तेच घाईत उरकतं. त्यामुळे आता मी आखूड आवृत्ती लावतो, वेन कळपातून वाट काढत यायला लागला की थांबवतो, उठतो आणि डिस्क बदलतो. बायको म्हणते, दर वेळी नेमकी तिला झोप लागत असतानाच.