तुम्ही विचारलंत म्हणून: ऑस्ट्रिया जिंकलं तर तुझं काय गेलं?

ऑफिसात विचारून झालं, फॅमिली ग्रुपवर झालं, एकदा तर इंदूरच्या सानंद संस्थेच्या नाटकाच्या इंटर्व्हलमध्ये चहाच्या लाइनीत एका काकूंनी विचारलं. "अगं त्या युरोपातल्या देशांच्या गाण्याच्या स्पर्धेत, युरोव्हिजनमध्ये, ना आपला देश ना आपली भाषा, मग ऑस्ट्रिया जिंकल्यावर तू तोंड पाडून का फिरत होतीस?" दरवेळी मी हसून विषय बदलते. आता लिहूनच टाकते, पुढच्या वेळी हेच पाठवेन.

आधी एक. सरप्राइज विनर, सरप्राइज विनर असं सगळे म्हणतात ते काही पूर्ण खरं नाही. मे २०२५, स्वित्झर्लंडमधल्या बाझेलची फायनल, सट्टेवाल्यांनी स्वीडनला पहिलं धरलं होतं, पण दुसरं ऑस्ट्रियाच होतं. धक्का बसला तो आम्हा स्वीडनवाल्यांना, कारण आम्ही दुसऱ्या नावाकडे बघतच नव्हतो.

आणि मी स्वीडनवाली का, तर स्वीडनकडून गायलेल्या 'काज' या त्रिकुटामुळे. केविन, अ‍ॅक्सेल, याकोब या तिघांची आद्याक्षरं, उच्चार चक्क 'काय'. (त्यावरचे सगळे विनोद आमच्या घरी होऊन गेलेत, नवीन नकोत.) ही मुलं स्वीडनची नाहीतच, फिनलंडची आहेत. तिथे पाचेक टक्के लोकांची मातृभाषा स्वीडिश आहे, त्यातली ही, व्योरो नावाच्या गावची. गाणं सौना म्हणजे त्या वाफेच्या खोलीवरचं, ऐन मे महिन्यात इंदुरात बसून ते ऐकायचं म्हणजे वेगळा खर्च करायची गरजच नाही. पण ते गायले त्यांच्या गावच्या बोलीत. १९९८ नंतर पहिल्यांदा स्वीडनने स्वीडिशमधलं गाणं पाठवलं आणि ते गाणारे देशाबाहेरचे, तेही शुद्ध स्टॉकहोमी न बोलणारे! मार्चमध्ये स्वीडनच्या निवड फेरीत त्यांनी मोन्स सेल्मरलेवला हरवलं, जो २०१५ ला अख्खं युरोव्हिजन जिंकलेला माणूस. तेव्हा मी घरात नाचले होते. तेव्हा नाही कोणी विचारलं की तुझं काय गेलं किंवा आलं.

आता जे कोणाला सांगितलेलं नाही ते.

कॉलेजात असताना मी पुण्याला एका भावगीत स्पर्धेला गेले होते. कुठली, कोणाची, ते सोडा. आत्याकडे उतरले, आत्याने तिच्या मैत्रिणींनाही हॉलवर बोलावलं होतं, भाची इंदूरहून आलीये म्हणून. गाणं झालं, बरं झालं, टाळ्या पडल्या, आणि मग निवेदिकेने माइक माझ्यापुढे धरून विचारलं, कधीपासून शिकता? मी म्हणाले, लहानपणापासूनच शिकून राहिले. झालं. आधी पुढच्या रांगेत कोणीतरी फिसकन हसलं, मग मागे, आणि त्या बाईंनी ते वाक्य माइकवरून परत म्हणून दाखवलं, माझ्या हेलात, म्हणजे ज्यांना पहिल्यांदा ऐकू आलं नव्हतं तेही हसले. परीक्षकांपैकी एक जण फार प्रेमाने म्हणाले, "आवाज गोड आहे हो तुमचा, तुम्ही हिंदी गझल का नाही घेत?" मी "हो सर" म्हटलं. आमच्या घरात होळकरांच्या काळापासून मराठी बोलतात, आजूबाजूला तेवढीच वर्षं हिंदी आणि माळवी आहे, एकीचा वास दुसरीला लागणारच ना, हे सगळं मला परतीच्या गाडीत सुचलं, स्टेजवर काही नाही. आत्याच्या मैत्रिणी नंतर म्हणाल्या, किती गोड बोलते! ते तर जास्तच लागलं. आत्या एका शब्दाने काही बोलली नाही, जेवायला वाढत राहिली. आणि पहिली आली ती मुलगी खरंच माझ्यापेक्षा छान गायली होती, ते मला विंगेत उभं असतानाच ऐकू आलं होतं. त्यामुळे धड भांडताही येईना.

तर मग बाझेल. आपल्याकडे फायनल रात्री साडेबाराला सुरू होते, निकाल लागेपर्यंत चार वाजून जातात. मतं मीही दिली होती, २०२३ पासून बाकीच्या जगालाही देता येतात, फक्त सगळ्या उरलेल्या जगाची मिळून किंमत सॅन मारिनोसारख्या एका चिमुकल्या देशाएवढी. आधी देशोदेशीच्या ज्यूरीचे, म्हणजे परीक्षकांचे गुण येतात, त्यांनी स्वीडनला १२६ दिले तेव्हाच पोटात गोळा आला. मग लोकांचे गुण. इस्राएल ३५७ वर गेलं, एस्टोनिया ३५६, आणि स्वीडनला मिळाले १९५, एकूण ३२१. खलास. मग ज्यूरीत आधीच पुढे असलेल्या ऑस्ट्रियाला फक्त शंभर हवे होते, आले १७८, झाले ४३६.

विजेता जेजे परत गायला आला तेव्हा आई आवाजाने उठून दारात येऊन उभी राहिली. काउंटरटेनर आहे तो, पुरुष असून गळा बाईच्या पट्टीत जातो, व्हिएन्नाच्या ऑपेरात गायलेला. मी म्हटलं बघ, काय किंचाळतोय. आई म्हणाली, "गळा तयार आहे मुलाचा. आजोबा बालगंधर्वांच्या रेकॉर्डी लावायचे तेव्हा नाही तुला काही खटकायचं." मी टीव्ही बंद केला.

२०२३ ची मी असते तर सोपं होतं. लिव्हरपूलला फिनलंडच्या कॅरियाला लोकांचे ३७६ आणि लॉरीनला २४३, तरी ज्यूरीच्या ३४० गुणांवर लॉरीन जिंकली, तेव्हा मी महिनाभर ज्यूरी बंद करा म्हणून सगळ्यांचं डोकं खाल्लं होतं. (तेव्हा लॉरीन स्वीडनची होती आणि मी स्वीडनच्या विरुद्ध होते, हो, आहे लक्षात.) २०२५ लाही लोकांनी ऑस्ट्रियापेक्षा स्वीडनला १७ गुण जास्त दिले, पण इस्राएल आणि एस्टोनियाला त्याहून जास्त, म्हणजे लोकांचं लाडकं हिसकावलं असंही म्हणता येत नाही. ज्यूरी नसती तर जेजे चौथा आला असता, आणि मला मेलीला आता ते गाणं आवडायला लागलंय. मग ज्यूरी हवी का? त्या गझलवाल्या सरांसकट हवी का? २०२३ ची मी म्हणते नको, आजची मी म्हणते माहीत नाही, आणि दोघींचं जमत नाही.

पुण्याचा आतेभाऊ म्हणतो, तुझा राग आमच्यावर आहे, काढतेस ऑस्ट्रियावर. असेल. पण स्वीडन चौथं नको होतं यायला. निदान दुसरं तरी.