स्लीव्हमोरची रिकामी घरं

रविवार, रात्री उशिरा

आज दिवसभर अ‍ॅकिल बेटावर होतो. आयर्लंडच्या मेयो काउंटीचं पश्चिमेचं टोक. बेट म्हणायचं, पण पूल आहे, गाडी थेट आत जाते. स्लीव्हमोर डोंगराच्या दक्षिण उतारावर मैलभर लांबीत ऐंशी-शंभर दगडी घरं उभी आहेत, छप्पर एकावरही नाही. आलेल्या पाहुण्याला सहसा एका वाक्यात सांगून टाकतात: दुष्काळात ओस पडलेलं गाव. मला ते काही पटत नाही.

दुष्काळ खोटा नव्हता. १८४५ला बटाट्यावर करपा आला आणि पुढच्या काही वर्षांत आयर्लंडमध्ये दहा लाखांच्या आसपास माणसं मेली, जवळपास तेवढीच देश सोडून गेली. डोंगराच्या पलीकडच्या अंगाला, डूगर्टला, एडवर्ड नँगल या पाद्र्यानं प्रोटेस्टंट मिशनची वसाहत उभारली होती. भुकेल्यांना अन्न देऊन धर्म बदलायला लावल्याचा आरोप तिच्यावर आजही होतो. पुढे १८५०च्या दशकाच्या सुरुवातीला बेटाचा मोठा भाग मिशननंच विकत घेतला. म्हणजे धर्मोपदेशकच जमीनदार! कुळांचं काय झालं असेल ते सांगायला नको.

पण स्लीव्हमोर एका फटक्यात रिकामं झालं नाही. बरीच माणसं फार लांब गेलीच नाहीत. दोन-तीन मैलांवर समुद्रकाठी डूआ आहे, तिथे सरकली. तिथे मासळी होती, शेतात घालायला समुद्रशेवाळ हाताशी होतं. वरची घरं त्यांनी सोडली नाहीत. उन्हाळ्यात गुरं वर न्यायची, तरण्या पोरापोरींनी तिथेच मुक्काम करायचा, दूध-लोणी करायचं. हा रिवाज विसाव्या शतकातही चालू होता. ज्या घरात दर उन्हाळ्याला चूल पेटते त्याला ओसाड कसं म्हणायचं?

एका घरात बराच वेळ रेंगाळलो. चुना-माती काही नाही, नुसता दगडावर दगड. खोली एकच. उताराकडच्या अर्ध्या भागात गुरं, वरच्या अर्ध्यात माणसं. भिंतीत गुरं बांधायचा दगड अजून आहे, दाव्यानं घासून गुळगुळीत झालेला. बाहेर आलं की बटाट्याचे वरंबे दिसतात. गवत चढलंय, पण ऊन तिरपं झालं की एकेक सरी मोजून घ्यावी इतकी स्पष्ट. (पाऊस अर्थातच होता. ऊन दहा मिनिटं पडलं असेल.)

इथल्या माणसांची खरी गोष्ट मला स्थलांतराची वाटते. आपल्याकडे बीडची माणसं ऊसतोडीला जातात, तशी अ‍ॅकिलची माणसं दरवर्षी स्कॉटलंडला जायची, मुकादमाच्या हाताखाली टोळीनं बटाटे काढायला. १८९४ला अशीच तरुण मंडळी वेस्टपोर्टला आगबोट गाठायला निघाली आणि क्लू उपसागरात त्यांची होडी उलटली. ३२ जण बुडाले. अ‍ॅकिलची रेल्वे तेव्हा रीतसर सुरूही झाली नव्हती, मृतदेह आणायला पहिली गाडी धावली. मग १६ सप्टेंबर १९३७. स्कॉटलंडमधल्या कर्किंटिलॉकला मजुरांच्या झोपायच्या खोपटाला आग लागली आणि अ‍ॅकिलचे दहा जण गेले, सगळ्यात धाकटा तेरा वर्षांचा. तेही रेल्वेनंच घरी आले, आणि लवकरच तो लोहमार्ग कायमचा बंद झाला. लोखंडी चाकांची गाडी पहिल्या आणि शेवटच्या खेपेला प्रेतं आणेल, असं कुणा भविष्यवेत्त्यानं आधीच सांगून ठेवलं होतं म्हणतात. भविष्यावर माझा विश्वास नाही. तेरा वर्षांच्या पोराला बटाटे काढायला का जावं लागलं, हे मात्र कुणी विचारत नाही.

स्लीव्हमोरसारखी लहान लहान टाउनलँड, म्हणजे आपल्या शिवारासारखे जमिनीचे लहान विभाग, अख्ख्या आयर्लंड बेटावर (उत्तर आयर्लंड धरून) ६० हजारांहून जास्त आहेत, प्रत्येकाला नाव आणि हद्द. १९२२ला डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालयाच्या आवारात दप्तरखाना जळाला, त्यात दुष्काळाआधीची बहुतेक शिरगणती गेली. त्यामुळे स्लीव्हमोरच्या या घरांत कोण राहत होतं ते नावानिशी शोधायचं तर जमीनमोजणी आणि सारा-आकारणीची दप्तरंच उरतात, आणि त्यात फक्त कुळाचं नाव. बायकापोरं नाहीतच.

उद्या लवकर उठायचंय. बूट अजून ओलेच आहेत.